कोंबड्याच्या तुऱ्यातला पदार्थ माणसाच्या गुडघ्यात कसा पोचला?

घरात कुणाचा तरी गुडघा दुखत असतो. एक्स-रे काढला की कळतं, झीज झालीये. मग कुणीतरी सुचवतं, "ऑपरेशन नको, आधी जेलचं इंजेक्शन घेऊन बघा."

पण हे जेल असतं काय? आणि त्याने खरंच फरक पडतो का?

सुरुवात झाली गायीच्या डोळ्यापासून

1934 साली कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर या दोघांनी गायीच्या डोळ्यातल्या काचेसारख्या द्रवातून एक नवा पदार्थ वेगळा केला. त्याला नाव दिलं हायलुरॉनिक ॲसिड.

हा पदार्थ म्हणजे पॉलिसॅकराइड, म्हणजेच साखरेच्या छोट्या रेणूंची लांबच लांब साखळी. पिठातला स्टार्च आणि कापसातलं सेल्युलोज हे याचेच भाऊबंद. हायलुरॉनिक ॲसिडची खासियत अशी की ते भरपूर पाणी धरून ठेवतं. आपल्या त्वचेत, डोळ्यात आणि सांध्यातल्या वंगणात ते असतंच.

पुढे हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ एंद्रे बालाझ यांनी हाच पदार्थ कोंबड्याच्या तुऱ्यातून शुद्ध स्वरूपात काढला. तुऱ्यात तो भरपूर असतो. आधी तो शर्यतीच्या घोड्यांच्या सांध्यात वापरला गेला, आणि 1980च्या दशकात मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्याच्या आतल्या नाजूक पेशी जपण्यासाठी.

मग अडचण कुठे होती?

अडचण अशी की आपलं शरीर हा पदार्थ फार लवकर संपवतं. 70 किलोच्या माणसाच्या अंगात साधारण 15 ग्रॅम हायलुरॉनिक ॲसिड असतं, आणि त्यातलं जवळपास एक तृतीयांश रोज तुटून नव्याने बनतं. साधं हायलुरॉनिक ॲसिड त्वचेत टोचलं तर एक-दोन दिवसांत त्याचा बराचसा भाग नाहीसा होतो.

इथे रसायनशास्त्र कामाला आलं.

फालुद्यातला सब्जा आठवा. भिजला की प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक थर येतो. तोही पॉलिसॅकराइडने पाणी धरून बनलेला हायड्रोजेलच. चायना ग्रासची जेली हे दुसरं उदाहरण. पण जेली गरम केली की वितळते, कारण तिच्यातल्या साखळ्या एकमेकींना नुसत्या बिलगलेल्या असतात, पक्क्या बांधलेल्या नसतात.

शास्त्रज्ञांनी त्या पक्क्या बांधल्या. बीडीडीई नावाच्या रसायनाच्या रेणूला दोन्ही टोकांना जणू हूक असतात. अल्कलीयुक्त द्रावणात एक हूक एका साखळीला अडकतो, दुसरा शेजारच्या साखळीला. अशा हजारो गाठी बसल्या की सुट्या दोऱ्यांचं जाळं तयार होतं. जाळ्यात पाणी अडकतं, आणि शरीरातल्या एन्झाइमला ते तोडायला वेळ लागतो. यालाच क्रॉसलिंकिंग म्हणतात. जितक्या गाठी जास्त, तितकं जेल घट्ट आणि टिकाऊ. उरलेलं बीडीडीई मात्र धुऊन काढावं लागतं, कारण सुटं राहिलं तर ते घातक असतं.

ओठ आणि गालांत भरायचं 'रेस्टिलेन' हे फिलर असंच बनतं. 2003 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला मान्यता दिली. त्यासाठी कोंबडा लागत नाही, हायलुरॉनिक ॲसिड जिवाणूंकडून बनवून घेतात. असे फिलर साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतात. नको झालं तर हायलुरॉनिडेज हे एन्झाइम टोचून विरघळवता येतं. पण चुकून रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाण्याचाही धोका असतो. त्यामुळे हे पार्लरमध्ये करून घ्यायचं काम नाही.

आणि गुडघ्याचं काय?

गुडघ्यासाठीच्या 'सिनव्हिस्क'ला एफडीएची मान्यता 1997 मध्ये मिळाली. ते तुऱ्यापासूनच बनतं, फक्त त्यात गाठी मारायला वेगळी रसायनं वापरतात. म्हणूनच कोंबडी, अंडी किंवा पिसांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

पण 2022 मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आढावा आला. त्यात 169 चाचण्या आणि 21 हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली होती. निष्कर्ष असा की, मोठ्या चाचण्यांमध्ये 100 मिलिमीटरच्या वेदनेच्या पट्टीवर खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत जेलने सरासरी फक्त 2 मिलिमीटर जास्त आराम दिला. रुग्णाला जाणवेल इतका हा फरक नाही. उलट गंभीर दुष्परिणामांचं प्रमाण जेल घेतलेल्यांमध्ये जास्त दिसलं.

म्हणजे रसायनशास्त्राने जेल टिकवण्याचा प्रश्न सोडवला, पण टिकणारं जेल झिजलेली कूर्चा परत आणत नाही. त्यामुळे महागडं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: माझ्या गुडघ्याला याने नेमका किती फायदा होईल? आणि व्यायाम, वजन कमी करणं हे उपाय आधी करून बघायचे का?