'मर्ज' म्हणजे नेमके काय? ऐक्याच्या ठरावावर सही करण्याआधी

आपल्या वस्त्यांमधल्या बैठकांत एक इंग्रजी शब्द फार सहज वापरला जातो : 'मर्ज'. दोन जयंती उत्सव समित्या मर्ज करा, दोन विहारांचे ट्रस्ट मर्ज करा, सगळे रिपब्लिकन गट मर्ज करा. काहीच जमले नाही तर निदान व्हॉट्सअॅप ग्रुप तरी मर्ज करा. समाजात एकीची भूक खरी आहे, म्हणून या शब्दाला टाळ्या मिळतात. पण टाळ्या वाजवणाऱ्यांना बाजूला घेऊन विचारा की मर्ज झाल्यावर काय होणार. कोणी म्हणेल, दोन्ही मंडळे राहतील, फक्त मिरवणूक एक निघेल. कोणी म्हणेल, दोन्ही नावे जाऊन तिसरे नाव येईल. ज्याचे मंडळ मोठे, तो मनात धरून बसलेला असतो की धाकटे मंडळ आपल्यात येईल. तिघांनीही 'मर्ज'च्या बाजूने हात वर केलेला असतो. भांडण होते ते पुढे, बँक खात्यावर सह्या कोणाच्या हा प्रश्न येतो तेव्हा. म्हणून आम्ही हा शब्द जरा उकलून पाहणार आहोत.

'मर्ज' हा इंग्रजी शब्द लॅटिनमधून आला. तिथे त्याचा मूळ अर्थ 'बुडवणे', 'पाण्याखाली घालणे' असा आहे. धरणात गाव बुडते त्याला इंग्रजीत 'सबमर्ज' म्हणतात आणि पाण्यातून वर येण्याला 'इमर्ज'. ही सगळी एकाच घरातली भावंडे. म्हणजे जोडणे हा या शब्दाचा पहिला अर्थच नव्हे. इंग्रजी कायद्यातही जमिनीवरचा छोटा हक्क मोठ्या हक्कात बुडून संपला, की त्याला 'मर्जर' म्हणत. आपल्या भाषेत त्यासाठी 'विलीनीकरण' हा शब्द आहे आणि तो अगदी चपखल आहे, कारण विलीन होणे म्हणजे विरघळणे. मीठ पाण्यात विलीन होते तेव्हा पाणी दिसते, मीठ दिसत नाही. (जुन्या मराठीत 'मर्ज' म्हणजे आजार. तो अरबीतून आलेला वेगळाच शब्द आहे. त्याचा इथे संबंध नाही, पण काही बैठका आठवल्या की तोही पटतो.)

तरुणांना याचा सर्वात जवळचा अनुभव एक्सेलमध्ये आलेला असेल. देणगीची यादी करताना शेजारचे दोन रकाने मर्ज केले, तर एक्सेल आधी इशारा देते : फक्त वरच्या डावीकडच्या रकान्यातला मजकूर राहील, बाकीचा जाईल. आपण न वाचता 'ओके' दाबतो आणि दुसऱ्या रकान्यातले नाव गायब होते. संघटनांच्या बाबतीत असा इशारा देणारी खिडकी उघडत नाही, एवढाच फरक.

मराठीत 'एकत्र येणे' या दोन शब्दांत आपण अनेक वेगळ्या गोष्टी कोंबतो. त्या वेगळ्या करायला महाराष्ट्रातल्या नद्या चांगल्या उपयोगी पडतात. इंद्रायणी भीमेला मिळते आणि पुढे नदी भीमाच राहते. गडचिरोलीच्या बाजूला वर्धा आणि वैनगंगा मिळतात, तेव्हा दोघींची नावे थांबतात आणि पुढे प्राणहिता वाहते. पुण्यात मुळा आणि मुठा यांचा संगम झाल्यावर मात्र नदीचे नाव मुळा-मुठा, दोघीही नावात टिकून. पाणी तिन्ही ठिकाणी एकत्रच झाले, पण नावाचा हिशोब तीन प्रकारचा. कायद्याच्या आणि कंपन्यांच्या भाषेतही हा फरक केला जातो : एक संस्था दुसरीत सामावून जाणे वेगळे आणि दोन्ही संपून तिसरी उभी राहणे वेगळे. चौथा प्रकार, ज्यात कोणीच आपला प्रवाह सोडत नाही, तो म्हणजे आघाडी किंवा संयुक्त समिती. आपल्या बहुतेक लोकांना हवी असते ती ही चौथी गोष्ट, आणि ठरावात लिहिली जाते पहिली.

बँकांचे उदाहरण घ्या. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. बातम्यांत 'तीन बँका एकत्र' असे आले, पण पाटी एकाच बँकेची उरली. इंद्रायणीसारखाच प्रकार. संस्थानांच्या इतिहासात तर हा फरक कागदोपत्री स्पष्ट आहे. १९४७ मध्ये बहुतेक संस्थानांनी सामीलनाम्यावर सह्या केल्या. त्यात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीन विषय भारत सरकारकडे गेले, संस्थान उभेच राहिले. विलीनीकरण ही त्यानंतरची, वेगळी पायरी होती. राजर्षी शाहू महाराजांचे कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि संस्थान म्हणून संपून जिल्हा झाले. सामील होणे आणि विलीन होणे यांत काय अंतर असते, ते या दोन कागदांइतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसेल.

राजकारणात हाच शब्द ढाल म्हणून वापरला जातो. घटनेच्या दहाव्या अनुसूचीत पक्षांतर केले तर आमदारकी जाते, पण विधिमंडळ पक्षाच्या किमान २/३ सदस्यांनी विलीनीकरणाला संमती दिली तर वाचते. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये 'विलीन' झाले. १५ चे दोन तृतीयांश किती, हे प्रत्येकाने मोजून पाहावे. पक्ष, त्याचे कार्यकर्ते आणि मतदार जागेवरच होते.

शाळांच्या बाबतीत सरकार 'मर्ज' म्हणत नाही, 'समूह शाळा' म्हणते. २०२३ मध्ये महाराष्ट्रात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा पानशेत आणि तोरणमाळ येथील समूह शाळा नमुना म्हणून दाखवल्या गेल्या. मोठ्या शाळेत सोयी जास्त असतील हे खरे. पण वाडी-तांड्यावरची शाळा बुडाली की सहा वर्षांच्या पोरीला रोज किती चालावे लागेल, हे 'समूह' या गोड शब्दातून कळत नाही.

आता आपल्या घरातल्या गोष्टीकडे येऊ. बाबासाहेबांनी एकत्र येण्यासाठीचे शब्द फार काटेकोरपणे वापरले. १९४२ मध्ये स्थापन केलेल्या पक्षाला त्यांनी 'फेडरेशन' म्हटले. आपली म्हातारी माणसे आजही त्याच नावाने त्या काळाची आठवण काढतात. भारताचे वर्णन करताना मात्र मसुद्यात 'फेडरेशन' न ठेवता 'युनियन' हा शब्द ठेवला, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्याचे कारण सांगितले : हा देश राज्यांनी आपसात करार करून बनवलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला बाहेर पडण्याचा अधिकार नाही. एका शब्दावर बाहेर पडण्याचा हक्क ठरतो, हे त्यांना दिसत होते. मराठीत आपण दोन्हीला 'संघ' म्हणून मोकळे होतो, भिक्खू संघालाही तोच शब्द, आणि फरक हरवतो.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि फेडरेशन त्यात विसर्जित झाले. पुढच्या फुटी सर्वांना माहीत आहेत. १९९८ मध्ये गट एकत्र आले आणि महाराष्ट्रातून रिपब्लिकन पक्षाचे ४ खासदार लोकसभेत गेले. त्यानंतर लवकरच वाटा पुन्हा वेगळ्या झाल्या. त्याची कारणे अनेक सांगितली जातात. आमचे मत असे की 'ऐक्य' या शब्दाने गर्दी जमते, पण पक्षाचे नाव, चिन्ह आणि उमेदवारी ठरवण्याचा अधिकार कोणाचा हे तो सांगत नाही. ते न ठरवता झालेले ऐक्य निवडणुकीपुरतेच टिकते.

मग विलीन होणे वाईटच का? तसे म्हणता येणार नाही. भगवान बुद्धांनी महासागराची उपमा दिली आहे : गंगा, यमुना, अचिरवती, शरभू, मही या नद्या सागराला मिळाल्यावर आपली आधीची नावे टाकतात, तसे चारही वर्णांतले लोक संघात आल्यावर आधीचे नाव-गोत्र टाकतात. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनीही ही उपमा सांगितली होती. इथे बुडते ती जात, आणि बुडावी अशीच ती आहे. शिवाय सागरात सगळ्याच नद्या नाव सोडतात. गंगा नाव राखते आणि महीने मात्र सोडायचे, असे तिथे नाही. आपल्यातले पोटजातीचे मंडळ दुसऱ्या मंडळात 'मर्ज' करायचा विषय निघतो तेव्हा आम्ही हेच पाहतो, की सगळे सोडणार आहेत की फक्त धाकट्याने सोडायचे आहे.

व्यवहाराचे बोलायचे तर नोंदणीकृत संस्था घोषणेने मर्ज होत नाही. संस्था नोंदणी अधिनियम १८६० च्या कलम १२ प्रमाणे विलीनीकरणाचा लेखी प्रस्ताव सभेच्या १० दिवस आधी सभासदांना द्यावा लागतो, विशेष सभेत ३/५ मते लागतात आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा ३/५ मतांनी त्यावर शिक्कामोर्तब व्हावे लागते. सार्वजनिक ट्रस्ट एकत्र करून त्यांची एकच योजना ठरवण्याचा अधिकार राज्याच्या १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्यातील कलम ५०-अ ने धर्मादाय आयुक्तांना दिला आहे, आणि त्याआधी विश्वस्तांचे म्हणणे ऐकले जाते. तो एक महिना मोकळा दिलेला नाही. विहाराची जागा कोणाच्या नावावर जाईल, जुने कर्ज कोण फेडेल, ग्रंथालयाची पुस्तके कुठे राहतील, आजवर महिला मंडळाकडे असलेली खोली त्यांच्याकडेच राहील का, हे त्या महिन्यात लिहून घ्यायचे असते. आणि १४ एप्रिलची मिरवणूक एकत्र काढायची एवढाच हेतू असेल, तर ठरावात 'मर्ज' किंवा 'विलीनीकरण' लिहूच नका. 'संयुक्त जयंती समिती' लिहा, तिची मुदत लिहा आणि उरलेली शिल्लक कशी वाटायची तेही त्याच कागदावर लिहा.