पत्करलेला व्रण आणि घरचा परिचारक

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, परिचारक व रुग्ण. परिचारकाच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग व शुचिता हे गुण असावेत, हे आपण सारे विद्यार्थिदशेतच मुखोद्गत करतो. त्यांतील अनुरागाचे मोल मला मात्र स्वतःच्या घरी, काहीसे उशिरा कळले.

माझ्या धाकट्या बहिणीने दोन बाळंतपणांनंतर सैलावलेल्या पोटाची शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जनकडून करून घेतली व तिसऱ्या दिवशी ती विश्रांतीसाठी आमच्याकडे आली. पोटावर दाबपट्टा, बाजूस निचऱ्याची नळी आणि टाक्यांवर ताण पडू नये म्हणून किंचित वाकून चालणे. सेवेत कोणी कसूर केली नाही. परंतु ‘हौसेचे दुखणे’ हे शब्द घरात एकदोनदा उच्चारले गेले. ते मीही उच्चारले, हे येथे कबूल केले पाहिजे.

सहाव्या दिवशी ती उजवा पाय जपून टाकते आहे, हे आईच्या लक्षात आले. आईने तिळाचे तेल कोमट केले व मी वाटी घेऊन अभ्यंगासाठी बसलो. हात लावताच उजवी पोटरी डावीपेक्षा उष्ण व सुजलेली जाणवली. ‘केव्हापासून?’ असे विचारता ती म्हणाली, ‘दोन दिवस झाले, दादा. पुन्हा हौसेचे दुखणे म्हणाल, म्हणून बोलले नाही.’

वाटी तशीच बाजूला ठेवून मी सर्जनना दूरध्वनी केला. त्याच दुपारी डॉप्लर तपासणीत खोल शिरेत रक्ताची गुठळी आढळली. त्या पायाचे मर्दन झाले असते, तर गुठळी सुटून फुप्फुसात अडकण्याचा धोका होता. रक्त पातळ ठेवणारी औषधे तत्काळ सुरू झाली आणि ती सुखरूप बरी झाली.

पुण्याच्या परिसरात झालेल्या एका नासासंधानाचा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये सचित्र प्रसिद्ध झाला, याचा आपण अभिमान बाळगतो. त्या गाडीवानाचे नाक शत्रूने कापले होते. माझ्या बहिणीने व्रण स्वेच्छेने पत्करला होता. परंतु व्रण भरून येण्याचा क्रम हा भेद जाणत नाही आणि परिचारकानेही तो जाणू नये.

असे रुग्ण व त्यांचे आप्त आता आपल्या चिकित्सालयांत व औषधालयांत वरचेवर येतात. म्हणून काही गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. लसूण, गुग्गुळ, हळदीचे सत्त्व यांच्या गोळ्या घेणाऱ्याने ते शस्त्रक्रियेपूर्वीच सर्जनना सांगावे. अशी औषधे साधारणतः दोन आठवडे आधी थांबवली जातात. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना ती देऊ नयेत. औषधालयचालकांनी गिऱ्हाइकास याविषयी एक प्रश्न अवश्य विचारावा. टाक्यांवर लेप वा तेल सर्जनच्या संमतीवाचून लावू नये. पोटाची त्वचा काही काळ बधिर असते. शेकाने ती भाजली, तरी रुग्णास कळत नाही. निचऱ्याचे प्रमाण रोज लिहून ठेवावे. मलप्रवृत्तीच्या वेळी कुंथावे लागू नये, यासाठी पातळ व सुपाच्य आहार द्यावा. रुग्णास दिवसभर निजवून न ठेवता घरातल्या घरात थोडे थोडे चालवावे. एका पायास सूज, श्वास लागणे, छातीत दुखणे, ज्वर, एकाच बाजूस अकस्मात फुगवटा, दुर्गंधी स्राव किंवा टाक्यांलगतची त्वचा काळवंडणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

सुश्रुताचार्यांनी व्रणितोपासनीय अध्यायात रुग्णाची शय्या, आहार व दिवास्वापाचा निषेध सांगताना गोड बोलणाऱ्या सुहृदांनी त्याच्याजवळ बसावे, असेही सांगितले आहे. हा केवळ शिष्टाचार आहे, असे मला पूर्वी वाटे. ज्याच्याशी गोड बोलले जाते, तोच रुग्ण आपली वेदना वेळेवर सांगतो, हे त्या तेलाच्या वाटीने मला शिकविले.