लुटुपुटीच्या लढाईचा देखावा : विकत घ्यावा की घरी करावा?

टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाई खेळण्याचा शौक परदेशात जुना आहे. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली त्याच्या नियमांचे पुस्तकच काढले. आपल्या वऱ्हाडातही या खेळाला विषय आहेत : २९ नोव्हेंबर १८०३ ची अडगावची लढाई आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला इंग्रजांनी घेतलेला गाविलगड.

सैनिक ओतीव असतात, ते विकतच घ्यावेत. तट, झाडे, शेत मात्र कारागीर हाताने करू शकतो. आधी माप पाहावे. सैनिक २८ मिलिमीटरचा असेल तर दहा फुटांची भिंत सुमारे दोन इंच होते. तट पुठ्ठ्याचा करून त्यावर सरस व भुसा लावावा. आपली काळी माती वाळली की तडकते, ती टाळावी. आरागिरणीचा भुसा चाळून हिरवा रंगवला की गवत झाले. घोसाळ्याच्या वाळक्या जाळीचे झुडूप होते, काथ्याच्या पायपुसणीचे उभे पीक.

माल जवळजवळ फुकट, पण वेळ फुकट नाही. बुरुजाला दोन दिवस लागले तर दोन दिवसांची मजुरी धरावी. तेवढे दाम देणारे गिऱ्हाईक नसेल तर तो शौक झाला, धंदा नव्हे. एकसारखी पन्नास घरे हवी असतील तर लेझरने कापलेला माल स्वस्त पडतो. तेथे टक्कर घेऊ नये. पण कोणी गाविलगडाचाच दरवाजा मागितला, तर एका नगाचे ते काम हाताचेच आहे. कारागीर बांधवांनी आधी एक नमुना करावा, तास लिहून ठेवावेत आणि मगच भाव सांगावा.