बोलीच्या चित्रमुद्रणातील कालमेळ

बोलीच्या अभ्यासकाला एके काळी टिपणवही पुरत असे. पुढे ध्वनिमुद्रक आला. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्नार बेल यांच्या साहाय्याने त्यांतील काही गायिकांच्याच कंठातून मुद्रित झाल्या. या संग्रहाचे मोल आम्हां भाषाभ्यासकांना अद्याप पुरते उमगलेले नाही, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते. परंतु ओवी गाणारीचा हात जात्याच्या खुंट्यावर असतो. नुसत्या बोलणारीचा मोकळा असतो, आणि तोही बोलतो. पुणे-सातारा मार्गावरील शिवरे या गावी ओट्यावर बसलेल्या दोन वृद्धा राजगडाकडील माहेराविषयी सांगू लागल्या म्हणजे ‘तिकडं’ या शब्दातील स्वर जसजसा लांबतो तसतसा हातही लांब जातो. आधी हात उठतो की आधी स्वर ताणला जातो, हा आमचा प्रश्न होता.

त्यासाठी तीन कॅमेरे हवेत : एकेकीसमोर एकेक व तिसरा दोघींना सामावणारा. तिन्ही एकाच जातीचे असावेत, असा योग विद्यापीठीय विभागाच्या पत्रिकेत क्वचितच असतो. आमच्यापाशी एक जुना कॅमकॉर्डर, एक नवा आणि एका विद्यार्थ्याचा मोबाइल होता. पहिल्या खेपेच्या चित्रणावरून, हात शब्दाच्या बराच आधी निघतो, असे अनुमान आम्ही मोठ्या उत्साहाने काढले. दोन महिन्यांनी उमगले की पुढे गेले होते ते कॅमेऱ्याचे घड्याळ.

प्रत्येक कॅमेऱ्यात स्फटिकाचे स्वतंत्र घड्याळ असते. त्यात दहा लाखांत वीस भागांची चूक असणे दोष मानला जात नाही; परंतु तेवढ्याने तासाभरात ७२ मिलिसेकंदांचे अंतर पडते. आपल्याकडील प्रचलित मापाप्रमाणे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ स्थिर चित्रे, घेतली जातात. एका चित्राचा काळ ४० मिलिसेकंद. म्हणजे तासाअखेरीस जवळजवळ दोन चित्रांची तफावत झाली. ‘क’ आणि ‘ख’ यांतील भेद काही दशक मिलिसेकंदांत सामावतो, हे ज्यास ठाऊक आहे त्यास ही तफावत क्षुल्लक वाटणार नाही.

याहून मोठा घोटाळा मापांचा. काही यंत्रांवर ‘३०’ लिहिलेले असते, परंतु प्रत्यक्ष गती २९.९७ असते. संगणकाने छापील आकडा खरा मानला, तर तासाला ३.६ सेकंद चुकतात. मोबाइल तर प्रकाश मंदावताच गती आपल्या मर्जीने बदलतो. म्हणून चित्रणापूर्वीच सर्व यंत्रे २५ वर आणावीत आणि मोबाइलची गती स्थिर ठेवण्याची सोय नसेल तर त्याला साक्षीदार मानू नये. जुन्या यंत्रातील प्रत्येक चित्र सम व विषम ओळींच्या दोन अर्धांनी, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने, घडलेले असते. वेगाने हलणाऱ्या बोटांच्या कडा त्यामुळे दातेरी दिसतात.

घड्याळे जुळविण्यास महाग यंत्रांत टाइमकोडची सोय असते. आमच्यासारख्यांना टाळी पुरते. तिन्ही कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक टाळी प्रारंभी वाजवावी, आणि बहुतेक जण विसरतात ती दुसरी शेवटी. पहिलीने आरंभ जुळतो. दोहोंमधील अंतर प्रत्येक यंत्राने किती मोजले हे ताडून पाहिले की घड्याळाची चूक कळते व त्या प्रमाणात चित्रण ताणता वा आखडता येते. मधे यंत्र थांबविले असेल, तर हा हिशेब पुन्हा प्रारंभापासून.

येथे एक सूक्ष्म फसगत संभवते. संगणक टाळीच्या आवाजावरून जुळणी करून देतो, परंतु ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर चालतो. अंगणाच्या टोकाला, चौदा मीटरांवर ठेवलेल्या कॅमेऱ्याला टाळी एक फ्रेम उशिरा ऐकू येते. दिसते मात्र तत्क्षणी. आवाज जुळविला की त्याचे चित्र तेवढे आधी सरकते, आणि हात पुन्हा शब्दाच्या पुढे धावू लागतो! म्हणून तळवे भिडलेले चित्र प्रमाण मानावे. शब्दाच्या कालमापनासाठी मात्र बोलणारीजवळच्या एकाच ध्वनिग्राहकाचा आवाज घ्यावा.

रंगांचा मेळ त्या मानाने सोपा. ओट्यावर ऊन सुमारे ५५०० केल्विनचे आणि आतला पिवळा दिवा २७०० च्या आसपासचा. यंत्रांवर सोपविले तर एकीचे लुगडे तिन्ही चित्रांत तीन रंगांचे दिसते. एकच पांढरा कागद तिन्ही कॅमेऱ्यांना त्याच उजेडात दाखवून व्हाइट बॅलन्स हाताने ठरवावा. आपली वीज ५० आवर्तनांची असल्याने शटर १/५० वर ठेवावे, म्हणजे दिव्याखालचे चित्र लहरत नाही.

पहिल्या खेपेचे चित्रण आम्ही टाकलेले नाही. त्यातील शब्द कोशासाठी उपयोगी आहेत. वेष्टनावर ‘हस्तक्रियेच्या अभ्यासास अग्राह्य’ अशी चिठ्ठी तेवढी लावली आहे. दुसऱ्या खेपेस दोन्ही टाळ्या थोरल्या आजींनीच वाजविल्या. शेवटची आम्ही विसरलो होतो, त्यांनी आठवण केली.