व्यापारी नौवहन अधिनियम, २०२५

व्यापारी नौवहन अधिनियम, २०२५ (मर्चंट शिपिंग ॲक्ट) हा भारतातील व्यापारी जहाजांची नोंदणी, मालकी, सुरक्षा, तपासणी, प्रदूषण-प्रतिबंध आणि दर्यावर्दींचे हक्क यांसंबंधीचा केंद्रीय कायदा आहे. संसदेने तो ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. त्याने व्यापारी नौवहन अधिनियम, १९५८ ची जागा घ्यावी, अशी योजना आहे. जुना कायदा वेळोवेळी झालेल्या सुधारणांमुळे ५६१ कलमांपर्यंत वाढला होता; नवा कायदा १६ भाग व ३२५ कलमांचा आहे. त्यातील तरतुदी केंद्र शासन अधिसूचनेद्वारे ठरवील त्या तारखेपासून लागू होतात आणि निरनिराळ्या तरतुदींसाठी निरनिराळ्या तारखा ठरवता येतात. कायद्याच्या अंमलबजावणीचे प्रमुख कार्यालय, म्हणजे नौवहन महासंचालनालय, मुंबईत आहे.

भारताच्या परकीय व्यापारापैकी आकारमानाने सुमारे ९५ टक्के आणि मूल्याने सुमारे ७० टक्के व्यापार समुद्रमार्गे होतो. हा माल वाहणारी बहुतेक जहाजे परदेशी ध्वजाची असतात आणि बहुसंख्य भारतीय दर्यावर्दीही परदेशी ध्वजाच्या जहाजांवरच नोकरी करतात. त्यामुळे एखादे जहाज कोणत्या देशात नोंदले आहे, त्याची तपासणी कोणी केली आहे आणि अपघात झाल्यास भरपाई कोणी द्यायची, या प्रश्नांचा संबंध जहाजमालकांइतकाच खलाशांची कुटुंबे आणि किनाऱ्यावरील मच्छीमार यांच्याशीही येतो.

पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यातील किनारी गलबतांच्या नोंदणीसाठी १८३८ साली स्वतंत्र कायदा करण्यात आला होता. १८४१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रदेशातील जहाजांच्या नोंदणीचा कायदा झाला. ब्रिटिश संसदेचा १८९४ चा व्यापारी नौवहन कायदा आणि १९२३ चा भारतीय व्यापारी नौवहन कायदा यांनी पुढे या विषयाचा मोठा भाग व्यापला. सुरक्षेच्या नियमांचा इतिहास मात्र इंग्लंडमधील एका चळवळीशी जोडलेला आहे. मर्यादेपेक्षा अधिक माल भरलेली जुनाट जहाजे समुद्रात पाठवून विम्याची रक्कम वसूल करण्याच्या प्रथेविरुद्ध सॅम्युएल प्लिमसॉल या खासदाराने आवाज उठवला. त्यातून १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या बाजूवर भाररेषा रंगवणे बंधनकारक झाले. पाणी या रेषेच्या वर आले की जहाज अतिभारित आहे, हे धक्क्यावर उभ्या असलेल्या कोणालाही दिसते.

५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनकडे निघाली. भारतीय मालकीच्या आधुनिक नौवहनाचा आरंभ म्हणून हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये नौवहन महासंचालनालयाची स्थापना झाली. १९५८ च्या कायद्याने आधीचे विखुरलेले कायदे रद्द करून नोंदणी, खलाशांचे करार, प्रवासी जहाजे, टक्कर, बुडीत जहाजे आणि किनारी व्यापाराचे परवाने हे विषय एकत्र आणले. तो कायदा घडत असताना महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर एका दुर्घटनेची आठवण ताजी होती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. ही बातमी मुंबईत पोहोचण्यासच कित्येक तास लागले होते.

आंतरराष्ट्रीय नियम आणि देशी कायदा

समुद्रावरील सुरक्षेचे नियम कोणताही देश एकट्याने करत नाही. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर १९१४ साली सागरी जीवसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तो ‘सोलास’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. पहिल्या महायुद्धामुळे तो करार अमलात येऊ शकला नाही, परंतु त्याच्या पुढील आवृत्त्या आल्या. सध्याची आवृत्ती १९७४ ची असून ती २५ मे १९८० पासून लागू आहे. याखेरीज भाररेषेचा १९६६ चा, टनभार मोजणीचा १९६९ चा, प्रदूषण रोखण्याचा १९७३ व १९७८ चा ‘मारपोल’, दर्यावर्दींचे प्रशिक्षण व प्रमाणपत्रे यांविषयीचा १९७८ चा आणि सागरी कामगारांविषयीचा २००६ चा, असे प्रमुख करार आहेत.

१९७४ च्या सोलास करारात ‘मूक संमती’ची पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने एखादी तांत्रिक दुरुस्ती स्वीकारली, की ती ठरलेल्या तारखेला आपोआप लागू होते. एकतृतीयांशाहून अधिक सदस्य देशांनी, किंवा जगातील निम्म्या टनभाराचे स्वामित्व असलेल्या देशांनी मुदतीत हरकत घेतली, तरच ती अडते. पूर्वी प्रत्येक दुरुस्तीसाठी बहुसंख्य देशांच्या लेखी स्वीकृतीची वाट पाहावी लागे आणि दुरुस्त्या वर्षानुवर्षे पडून राहत.

या पद्धतीमुळे नियम वेगाने बदलू लागले. बंदरात चढवण्यापूर्वी प्रत्येक भरलेल्या कंटेनरचे वजन पडताळून घेणे १ जुलै २०१६ पासून बंधनकारक झाले. खोटे वजन सांगितलेले कंटेनर थरांच्या तळाशी किंवा माथ्यावर चुकीच्या जागी रचले गेल्यास जहाजाचा तोल बिघडतो, हे त्यामागील कारण होते. समुद्रात पडलेल्या कंटेनरांची माहिती जवळची जहाजे, किनारी देश आणि ध्वजराष्ट्र यांना तात्काळ कळवण्याचा नियम १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला.

आंतरराष्ट्रीय दुरुस्ती लागू झाली, तरी भारतीय न्यायालयात कारवाई करण्यासाठी तिला देशी कायद्याचा किंवा नियमांचा आधार लागतो. १९५८ च्या कायद्यात अनेक करार स्वतंत्र सुधारणांद्वारे एकेक करून घालावे लागले. उदाहरणार्थ, सागरी कामगार कराराशी संबंधित तरतुदी २०१४ मध्ये आल्या आणि त्यानंतर ऑक्टोबर २०१५ मध्ये भारताने तो करार स्वीकारला. बुडीत जहाजे हटवण्याच्या २००७ च्या नैरोबी कराराला भारताने २०११ मध्ये मान्यता दिली; त्यासाठी सविस्तर देशी तरतुदी मात्र नव्या कायद्यातच आल्या.

बदलास कारणीभूत घटना

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या दोन परदेशी ध्वजाच्या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ कलली, तिच्यावरील सुमारे १२०० कंटेनरांपैकी अनेक समुद्रात पडले आणि तेलगळती रायगडच्या किनाऱ्यावरील खारफुटीपर्यंत पोहोचली. बंदरातील वाहतूक काही दिवस थांबली आणि मच्छीमारीवर परिणाम झाला. पुढच्या वर्षी, ३१ जुलै २०११ रोजी, खलाशांनी ओमानजवळ सोडून दिलेले ‘पवित’ हे तेलवाहू जहाज वाहत येऊन जुहूच्या किनाऱ्यावर रुतले. ४ ऑगस्ट २०११ रोजी ‘रॅक कॅरियर’ हे कोळसावाहू जहाज मुंबईजवळ बुडाले. त्यानंतर २०१२ मध्ये भारतीय बंदरांत येणाऱ्या जहाजांकडे सागरी दाव्यांसाठी पुरेसा विमा असणे आवश्यक करणारे नियम करण्यात आले.

२४ व २५ मे २०२५ च्या सुमारास लायबेरियाच्या ध्वजाचे ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज केरळच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर कलून बुडाले. ते १९९७ साली बांधलेले होते. त्यावरील सर्व २४ जणांना वाचवण्यात आले. जहाजावर ६४० कंटेनर होते आणि त्यांपैकी १३ मध्ये घातक माल होता. प्लास्टिकचे बारीक मणी किनाऱ्यावर पसरले. केरळ शासनाने उच्च न्यायालयात सुमारे ९,५३१ कोटी रुपयांच्या भरपाईचा दावा दाखल केला आणि त्याच समूहाचे दुसरे जहाज न्यायालयाच्या आदेशाने अडवण्यात आले. नवे विधेयक संसदेसमोर असतानाच ही घटना घडली.

नोंदणी व मालकी

नोंदणीमुळे जहाजाला राष्ट्रीयत्व मिळते. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारानुसार जहाज आणि त्याचे ध्वजराष्ट्र यांत ‘खरा संबंध’ असावा लागतो. प्रत्यक्षात पनामा, लायबेरिया, मार्शल बेटे यांसारख्या देशांत परदेशी मालकांची जहाजे मोठ्या संख्येने नोंदली जातात. कमी कर आणि सोपी प्रक्रिया यांमुळे त्यांना ‘सोयीचे ध्वज’ म्हणतात. या देशांचे सर्वच नोंदणीकक्ष ढिसाळ नाहीत, परंतु मालक एका देशात, व्यवस्थापक दुसऱ्या देशात आणि ध्वज तिसऱ्याच देशाचा असला की जबाबदारी निश्चित करणे कठीण होते.

१९५८ च्या कायद्यानुसार संपूर्णपणे भारतीय नागरिक, भारतीय कंपनी किंवा सहकारी संस्था यांच्या मालकीचेच जहाज भारतीय म्हणून नोंदता येत असे. किनारी वाहतूक करणारी पंधरा टनांपर्यंतची लहान जहाजे नोंदणीतून वगळलेली होती. नव्या कायद्यात पुढील बदल आहेत:

१. अंशतः भारतीय मालकीच्या जहाजांनाही भारतीय ध्वज मिळू शकतो. परदेशस्थ भारतीय नागरिकत्व कार्डधारकांचाही मालकांत समावेश केला आहे.
२. मालकी पुढे भारतीय भाडेकरूकडे येणार असल्याच्या कराराने, खलाशांशिवाय भाड्याने घेतलेल्या जहाजाची नोंदणी करता येते. त्यामुळे मोठी रक्कम एकदम न उभारता भारतीय कंपन्यांना ताफा वाढवता येईल, अशी अपेक्षा आहे.
३. भारतात तोडण्यासाठी आणलेल्या जहाजांना तात्पुरती नोंदणी मिळते. गुजरातेतील अलंग येथील जहाजतोडणी उद्योगाशी ही तरतूद संबंधित आहे.
४. ‘जलयान’ या संज्ञेची व्याप्ती वाढवली असून तिच्यात समुद्रातील फिरत्या खोदकाम-फलाट्या, पाणबुडी-याने इत्यादी येतात. नोंदणीची सक्ती यंत्रचलित असणे किंवा वजन यांवर अवलंबून नाही.

सुरक्षा, तपासणी आणि ताब्यात घेण्याचे अधिकार

जहाज समुद्रात जाण्यापूर्वी त्याच्या सांगाड्याची, अग्निशमन व जीवरक्षक साधनांची आणि बिनतारी यंत्रणेची वेगवेगळी प्रमाणपत्रे लागतात. ही पाहणी ध्वजराष्ट्राचे सर्वेक्षक करतात किंवा मान्यताप्राप्त वर्गीकरण संस्थेकडे सोपवतात. इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही १९७५ मध्ये स्थापन झालेली भारतीय वर्गीकरण संस्था मुंबईत पवई येथे आहे.

ध्वजराष्ट्राने काणाडोळा केला, तर दुसरी चाळणी बंदराच्या पातळीवर लागते. परदेशी जहाज बंदरात आले की स्थानिक सर्वेक्षक त्याची तपासणी करून गंभीर दोष आढळल्यास त्याला अडवून ठेवू शकतात. या कामी शेजारी देशांनी प्रादेशिक सामंजस्य करार केले असून, भारत हिंदी महासागर करारात सहभागी आहे. नव्या कायद्याने असुरक्षित जहाजे अडवण्याबरोबरच, कोणत्याही देशाचा ध्वज लावण्याचा अधिकार नसलेली जहाजे भारतीय जलक्षेत्रात ताब्यात घेण्याचा अधिकार दिला आहे. किरकोळ उल्लंघनांसाठी तुरुंगवासाऐवजी आर्थिक दंडाची तरतूद केली आहे.

जहाजाच्या वयाचे नियम मात्र महासंचालनालयाच्या आदेशांतून आले आहेत. २०२३ च्या आदेशाने २० वर्षांहून जुनी जहाजे विकत घेऊन भारतीय नोंदणीत आणण्यावर निर्बंध घातले, आणि तेलवाहू व सुट्या मालाच्या जहाजांसाठी २५ वर्षांची मर्यादा ठरवली.

दर्यावर्दींचे हक्क

मालकाने पगार थकवून, अन्न-इंधन न पुरवता जहाज परक्या बंदरात सोडून देणे ही दर्यावर्दींसाठी सर्वांत भीतीदायक गोष्ट असते. जहाजाची काळजी घेण्यासाठी किमान माणसे ठेवणे आवश्यक असल्याने बंदर अधिकारी खलाशांना उतरू देत नाहीत, आणि उतरल्यास पगाराचा हक्क जाईल या भीतीने तेही थांबून राहतात. सागरी कामगार करारात २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार मालकाकडे अशा प्रसंगासाठी विमा किंवा आर्थिक हमी असावी लागते. तिच्यातून परतीचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचे थकीत वेतन देता येते. नव्या कायद्यात अशा दर्यावर्दींना मायदेशी आणण्याच्या आणि परदेशी जहाजांवरील भारतीयांच्या कल्याणाच्या तरतुदी आहेत. सागरी प्रशिक्षण संस्थांनाही कायदेशीर नियंत्रणाखाली आणले आहे, कारण बोगस संस्था व दलाल यांच्याकडून नोकरीच्या आशेने पैसे भरणाऱ्या तरुणांची फसवणूक होते.

प्रदूषण आणि बुडीत जहाजे

तेलगळतीच्या नुकसानीबद्दल मालकाची जबाबदारी आणि तिच्यासाठी अनिवार्य विमा हे आंतरराष्ट्रीय करारांतील तत्त्व कायद्यात स्वीकारले आहे. बुडालेले जहाज मार्गातील अडथळा ठरत असल्यास किंवा किनाऱ्याला धोका निर्माण करत असल्यास ते शोधून, खुणा लावून, मालकाच्या खर्चाने हटवण्याची व्यवस्था आहे. विमा कंपनीवर थेट दावा लावता येणे ही यातील महत्त्वाची बाब आहे, कारण अनेक मालक-कंपन्यांची एकमेव मालमत्ता बुडालेले जहाज हीच असते.

आक्षेप

विदेशी मालकीचे नेमके प्रमाण कायद्यात न लिहिता शासनाच्या अधिसूचनेवर सोडले आहे, हा प्रमुख आक्षेप आहे. हे प्रमाण फार सैल ठेवल्यास भारतीय ध्वजही सोयीचा ध्वज बनेल, अशी भीती टीकाकार व्यक्त करतात. समर्थकांच्या मते आजचा कडक निकष भारतीय गुंतवणूकदारांनाच परदेशी ध्वजाकडे वळवतो. बरेच तपशील नियमांवर सोपवल्याने बदल लवकर करता येतील, परंतु त्या बदलांवर संसदेची देखरेख कमी राहील, असेही मत मांडले जाते. पुरेसे सर्वेक्षक नसल्यास तपासणीचे अधिकार कागदावरच राहतात. म्हणून नव्या नियमांचा उपयोग सर्वेक्षकांची संख्या, विम्याची प्रत्यक्ष पडताळणी आणि किनाऱ्यावरील रहिवाशांना वेळेवर मिळणारी भरपाई या तीन गोष्टींवर अवलंबून राहील.