आकाशातली यंत्रं, लेखांक ९ : हायड्रोजन टाकीत नको

अंबरनाथ म्हटलं की शिवमंदिर आठवतं, ऑर्डनन्स फॅक्टरी आठवते; जुन्या माणसांना विमकोचा काडेपेट्यांचा कारखानाही आठवतो. पण पूर्वेला शीळ-बदलापूर रस्त्यावर, आनंदनगर एमआयडीसीच्या बाजूला असलेली नौदलाची साहित्य संशोधन प्रयोगशाळा, म्हणजे एनएमआरएल, फारशी कुणाच्या बोलण्यात येत नाही. १९५३ साली मुंबईच्या नौदल गोदीत रसायन आणि धातुशास्त्राची प्रयोगशाळा म्हणून ती सुरू झाली आणि पुढे डीआरडीओकडे आली. काम पाणबुड्यांचं. मग अवकाशयानांच्या लेखमालेत तिचा पाहुणचार कशासाठी? कारण तिच्या सर्वांत गाजलेल्या यंत्राचे थोरले भाऊ चंद्रापर्यंत जाऊन आलेले आहेत.

ते यंत्र म्हणजे इंधनघट, अर्थात फ्युएल सेल. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने ऑक्सिजन, मध्ये इलेक्ट्रोलाइट. ज्वाला न पेटता वीज तयार होते आणि मागे पाणी उरतं. ब्रिटनमध्ये विल्यम ग्रोव्हने १८३९च्या सुमारास हे दाखवलं, पण सव्वाशे वर्षं त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. दोन आठवड्यांच्या चांद्रमोहिमेला पुरतील एवढ्या बॅटऱ्या वाहून नेणं परवडणार नाही, हे नासाला कळलं तेव्हा कुठे त्याचं नशीब उघडलं. अपोलोतले अंतराळवीर तर या घटांतून निघालेलं पाणीच पीत.

गंमत अशी, की मोहिमा अडचणीत आल्या त्या टाक्यांमुळे. ऑगस्ट १९६५मध्ये जेमिनी-५ हे इंधनघट घेऊन गेलेलं पहिलं समानव यान. वर पोचल्यावर थोड्याच वेळात ऑक्सिजनच्या टाकीतला हीटर बंद पडला, दाब घसरला आणि गॉर्डन कूपर व पीट कॉनरॅड यांना बहुतेक उपकरणं बंद करून बसावं लागलं. कमी दाबावरही घट चालतो हे जमिनीवरच्या चाचण्यांतून दिसलं, म्हणून आठ दिवसांची मोहीम पुरी झाली.

अपोलो-१३च्या वेळी नशिबाने तेवढी साथ दिली नाही. उड्डाणाआधी, मार्च १९७०च्या अखेरीस, ऑक्सिजनची दुसरी टाकी नेहमीच्या पद्धतीने रिकामी होईना, म्हणून आतला हीटर आठ तास चालू ठेवला. हीटरची सुरक्षा-कळ २८ व्होल्टसाठी बनवलेली. उड्डाणतळावरच्या यंत्रणेतून येत होते ६५. कळ उघडायला गेली आणि तिथेच वितळून चिकटली. टाकीचं तापमान पाचशे अंश सेल्सियसच्या वर गेलं असावं, असं चौकशीत निघालं. पण तापमापकाचा काटा २७ अंशांच्या आसपासच थांबलेला, कारण त्याची मोजपट्टीच तिथे संपत होती! टाकी त्याहून तापणारच नाही, असं धरून तो बनवला होता. आतल्या तारांवरचं टेफ्लॉन जळालं, आणि १३ एप्रिलला, पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरहून दूर, टाकी फुटली. तीन इंधनघटांपैकी दोन लगेच गेले. तिसरा चांगला होता, पण त्याला द्यायला ऑक्सिजन उरला नाही.

अंबरनाथच्या शास्त्रज्ञांपुढे टाक्यांचा हाच प्रश्न पाण्याखाली उभा होता. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीला बॅटऱ्या चार्ज करायला वर यावं लागतं आणि नेमकी तेव्हाच ती शत्रूला सापडते. वर न येता वीज हवी, तर हायड्रोजन सोबत हवा. आणि पोलादी नळकांड्यात कोंडलेल्या माणसांच्या शेजारी हायड्रोजन साठवणं म्हणजे उशाशी साप घेऊन झोपणं. जर्मनांनी तो धातूंच्या हायड्राइडमध्ये मुरवून ठेवला. अंबरनाथने वेगळी वाट धरली: साठवायचाच नाही, बोरोहायड्राइडच्या रासायनिक क्रियेतून लागेल तसा जागेवर काढायचा. घटही फॉस्फोरिक आम्लाचा निवडला. तो दीड-दोनशे अंशांवर चालतो, जरा बोजड असतो, पण हायड्रोजन अगदी निर्भेळ नसला तरी कुरकुर करत नाही. देखणेपणापेक्षा निभावून नेण्याला दिलेलं हे झुकतं माप प्रस्तुत लेखकाला फार आवडतं.

अर्थात, फुकट काही मिळत नाही. रसायन महाग, क्रियेत उष्णता सुटते, उरलेल्या बोरेटची सोय लावावी लागते. आणि द्रवरूप ऑक्सिजन मात्र टाकीत न्यावाच लागतो, म्हणजे अपोलोची निम्मी डोकेदुखी शिल्लकच. ऑक्सिजनच्या नळ्या, झडपा धुऊन-पुसून लख्ख ठेवाव्या लागतात. जोडताना राहिलेला तेलाचा किंवा ग्रीसचा माग तिथे पेट घेऊ शकतो. हे काम बातमीत येत नाही.

८ मार्च २०२१ रोजी या यंत्रणेच्या जमिनीवरच्या नमुन्याने, दीर्घकाळ चालण्याच्या आणि पूर्ण शक्तीच्या अशा दोन्ही पद्धतींत, चाचणी पार केली. एल अँड टी आणि थरमॅक्स या कामात भागीदार होत्या. पुढे ३० डिसेंबर २०२४ला संरक्षण मंत्रालयाने माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार केला. यंत्रणेसाठी पाणबुडीचा एक नवा भाग बांधायचा आणि कलवरी वर्गातल्या पाणबुडीत तो बसवायचा. बसवायचा म्हणजे काय, तर पाणबुडी आडवी कापून मध्ये हा तुकडा घालायचा आणि खोल पाण्याचा दाब सोसेल असा सांधा पुन्हा जोडायचा.

दरम्यान इस्रोनेही इंधनघट अंतराळात चालवून पाहिला. १ जानेवारी २०२४ला उडालेल्या पीएसएलव्ही-सी५८च्या चौथ्या टप्प्यावर विक्रम साराभाई केंद्राचा छोटा घट होता. त्याने १८० वॅट वीज दिली. हायड्रोजन आणि ऑक्सिजन दाबाच्या टाक्यांतच भरले होते. एवढ्याशा प्रयोगाला ते चालतं, अंतराळस्थानकाला चालेल का? विक्रम साराभाई केंद्राच्या त्या चाचणीबद्दल पुढच्या आठवड्यात.