बटन अळंबीच्या बंद खोलीतील हवेचे गणित

देशातील मोठ्या शहरांच्या भाजीबाजारात पांढरी बटन अळंबी आता बाराही महिने मिळते. ही अळंबी मूळची थंड हवेतील. तरीही भर उन्हाळ्यात ती ताजी मिळते, याचे कारण म्हणजे उष्णतारोधक भिंतींच्या, बिनखिडक्यांच्या खोल्या. या खोल्यांत तापमान, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साईड वायूचे प्रमाण यंत्रांच्या साहाय्याने ठरवले जाते. भारतात या पिकाच्या लागवडीचे प्रयत्न १९६१ मध्ये हिमाचल प्रदेशातील सोलन येथे सुरू झाले. याच गावी १९८३ मध्ये अळंबी संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि २००८ मध्ये त्याला संचालनालयाचा दर्जा मिळाला. सोलनला १९९७ मध्ये ‘मशरूम सिटी’ म्हणून घोषित करण्यात आले. महाराष्ट्रात पुणे परिसरात वातानुकूलित पद्धतीने हे पीक घेतले जाते.

अळंबी ही वनस्पती नव्हे, बुरशी आहे. तिला वाढीसाठी सूर्यप्रकाश लागत नाही. हरितगृहातील पिके कार्बन डायऑक्साईड शोषून घेतात. अळंबी मात्र माणसाप्रमाणेच प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साईड व उष्णता बाहेर टाकते. त्यामुळे बंद खोलीतील हवा घटकाघटकाला बदलत राहते. या कामातील खरी अडचण अशी की, तापमान, आर्द्रता आणि वायू यांपैकी कोणताही एक घटक इतर दोघांना न हलवता बदलता येत नाही. नव्या उत्पादकांचे बहुतेक नुकसान एका वेळी एकाच आकड्याकडे पाहण्यातून होते.

पिकाचा पहिला टप्पा तुलनेने सोपा असतो. गव्हाचा पेंढा, कोंबडीखत इत्यादींपासून तयार केलेल्या कंपोस्टमध्ये अळंबीचे बियाणे, म्हणजे स्पॉन, मिसळले जाते. पुढील १२ ते १४ दिवस कवकजालाचे पांढरे तंतू कंपोस्टभर पसरतात. या काळात कंपोस्टचे तापमान सुमारे २४ ते २५ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ९० ते ९५ टक्के ठेवली जाते. बाहेरची ताजी हवा जवळजवळ घेतली जात नाही. साहजिकच कार्बन डायऑक्साईडचे प्रमाण दशलक्ष भागांत १० हजार भाग किंवा त्याहूनही वर जाते. मोकळ्या हवेत हे प्रमाण आज सुमारे ४२० भाग आहे. कवकजालाला हा कोंडलेपणा मानवतो. मात्र कंपोस्ट स्वतः उष्णता निर्माण करते आणि खोलीतील हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी अधिक गरम राहते. म्हणून भिंतीवरील तापमापकापेक्षा पिशवीत खुपसलेल्या तापमापकावर अधिक विश्वास ठेवावा लागतो.

त्यानंतर कंपोस्टवर तीन-चार सेंटिमीटर जाडीचा केसिंगचा, म्हणजे आच्छादन मातीचा, थर दिला जातो. आठवडाभर जुनेच हवामान कायम ठेवून कवकजाल या थरात वर येऊ दिले जाते. पिकाचे भवितव्य ठरते ते यापुढच्या तीन-चार दिवसांत. खोलीतील हवेचे तापमान २४ वरून १६ ते १७ अंशांपर्यंत, आर्द्रता ८५ ते ८७ टक्क्यांपर्यंत आणि कार्बन डायऑक्साईडचे प्रमाण ८०० ते १००० भागांपर्यंत खाली आणले जाते. आता आपण मोकळ्या हवेत आलो आहोत, असा संकेत बुरशीला यातून मिळतो. तंतूंचा विस्तार थांबतो आणि टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर धरू लागतात. अळंबीला तिचा ओळखीचा वास देणारे ऑक्टेनॉल हे द्रव्यसुद्धा कोंडलेल्या हवेत साचले, तर अंकुरधारणेला अडथळा करते. ताज्या हवेबरोबर तेही निघून जाते.

हा बदल किती वेगाने करावा, हा अनुभवी उत्पादकांच्या कौशल्याचा विषय आहे. खोली झपाट्याने थंड केली तर अंकुर फार दाटीने येतात आणि अळंबी लहान राहते. संथ गतीने केली तर संख्या कमी, पण आकार मोठा मिळतो. तापमान उतरले आणि वायू मात्र तसाच साचून राहिला, तर अंकुर कमी धरतात. जे धरतात त्यांचे देठ लांबतात, टोप्या लहान राहतात आणि अकाली उघडतात. असा माल बाजारात कमी भावाने जातो.

या टप्प्यावर आर्द्रतेचे गणित चटकन फसते. २४ अंशांची पूर्ण संपृक्त हवा एका घनमीटरमध्ये सुमारे २२ ग्रॅम बाष्प धरते, तर १६ अंशांची हवा जेमतेम १४ ग्रॅम. म्हणजे ९५ टक्के आर्द्रतेची खोली तशीच थंड केली, तर प्रत्येक घनमीटरमागे सात ग्रॅमच्या आसपास पाणी कुठे तरी दव म्हणून उतरणारच. ते यंत्राच्या थंड नळ्यांवर उतरले तर निचरा होतो. छतावर उतरले तर ते थेंबांच्या रूपाने पिकावर पडते. अळंबीच्या टोप्या फार वेळ ओल्या राहिल्या, की सुडोमोनास गटातील जिवाणूंमुळे त्यांवर पिवळसर तपकिरी डाग पडतात. याउलट हवा फार कोरडी झाली, तर केसिंगचा थर सुकतो आणि टोप्यांवर खवले येतात. अळंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते आणि हे पाणी वर खेचले जाण्यासाठी थोडे बाष्पीभवन चालू राहणे आवश्यक असते. म्हणून पीक उभे असताना १०० टक्के आर्द्रता हे उद्दिष्ट कधीच नसते. पाणी दिल्यानंतर पंखा चालवून टोप्या कोरड्या करून घेतल्या जातात.

हे सर्व सांभाळणाऱ्या यंत्रात ताजी हवा आणि खोलीतील परतीची हवा हव्या त्या प्रमाणात मिसळण्याची झडप, गाळणी, थंड पाण्याच्या नळ्या, आर्द्रता देणारा फवारा आणि पंखा असतो. छताला टांगलेल्या भोके पाडलेल्या पॉलिथिनच्या नळीतून हवा खोलीभर पसरते. या यंत्रात एक अंगभूत विरोध आहे. थंड नळ्या हवा गार करता करता तिच्यातील पाणीही काढून घेतात, आणि तेच पाणी फवाऱ्याने परत द्यावे लागते. दोन्ही कामांचे वीजबिल उत्पादकालाच भरावे लागते.

ताजी हवा घेण्याचा खर्च प्रांताप्रांतानुसार बदलतो आणि इथे तापमापक दिशाभूल करतो. हरियाणातील मे महिन्याची ४० अंशांची, २० टक्के आर्द्रतेची हवा घनमीटरमागे सुमारे १० ग्रॅम बाष्प आणते. ती १६ अंशांपर्यंत गार केली, की तिची आर्द्रता आपोआप ८० टक्क्यांच्या जवळ जाते. मुंबई किंवा कोकणातील पावसाळ्यातली २८ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा त्या मानाने सौम्य वाटते. पण तिच्यात २४ ग्रॅमहून अधिक बाष्प असते. त्यातील निम्म्याहून अधिक काढून टाकण्यासाठी लागणारी ऊर्जा हवा गार करण्याच्या ऊर्जेच्या दुपटीच्या घरात जाते. एकूण हिशेब केला तर कोकणातील ही ‘गार’ हवा हरियाणातील उन्हाळी हवेपेक्षा सुमारे दीडपट महाग पडते. सोलनमध्ये हिवाळ्यात अडचण नेमकी उलटी असते. तिथली थंड हवा खोलीत येऊन तापताच अतिशय कोरडी होते.

मोजमापाची साधने हीसुद्धा एक डोकेदुखी आहे. इलेक्ट्रॉनिक आर्द्रतामापक सतत दमट हवेत राहून चुकीचे आकडे दाखवू लागतात. म्हणून ओल्या आणि कोरड्या तापमापकांची जुनी जोडी अनेक ठिकाणी अजूनही वापरात आहे. १६ अंशांना दोघांत एक अंशाचा फरक म्हणजे सुमारे ९० टक्के आर्द्रता, आणि दीड अंशाचा फरक म्हणजे ८५ टक्के. अर्ध्या अंशाच्या चुकीने पाच टक्क्यांची गफलत होते. ओल्या तापमापकावरील कापड स्वच्छ आणि भिजलेले नसेल, तर ही जोडीही खोटे बोलते. कार्बन डायऑक्साईड मापक अधूनमधून मोकळ्या हवेत नेऊन ४२० च्या आसपासचा आकडा दाखवतो की नाही, हे तपासून घेणे सोपे असते, पण ते सहसा केले जात नाही.

खोलीत काम करणाऱ्या माणसांचा विचार वेगळा करावा लागतो. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी दशलक्षांत ५ हजार भाग ही कार्बन डायऑक्साईडची मर्यादा अनेक देशांत पाळली जाते, आणि ४० हजार भागांना जिवाला तत्काळ धोका मानला जातो. कवकजाल वाढीच्या खोलीत पहिली मर्यादा रोजच ओलांडलेली असते. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके जड होणे आणि धाप लागणे ही लक्षणे दिसेपर्यंत वेळ गेलेला असू शकतो. आत जाण्यापूर्वी ताज्या हवेची झडप उघडून पंखा चालवणे, मापक पाहणे आणि दुसरी व्यक्ती दाराबाहेर उभी ठेवणे ही खबरदारी खर्चाची नाही.

वीज गेल्यास हाच धोका वाढतो आणि पीकही संकटात येते. पंखा थांबताच कंपोस्टची उष्णता आतच कोंडते. कंपोस्ट ३० अंशांच्या पुढे गेले, की कवकजालाला इजा होऊ लागते. म्हणूनच जनित्राची क्षमता मोजताना शीतयंत्राआधी पंख्यांचा विचार केला जातो. शीतकरण नसले तरी हवा फिरती राहिली, तर काही तासांची सवड मिळते.

ज्यांना ही यंत्रणा परवडत नाही, ते ऋतूचाच आधार घेतात. हरियाणातील सोनीपत भागात बांबू आणि गवताच्या झोपड्यांत हिवाळ्यात बटन अळंबी घेतली जाते. दक्षिणेकडे ३० ते ३५ अंशांना वाढणारी दुधी अळंबी आणि इतरत्र २० ते ३० अंशांत येणारी धिंगरी अळंबी हे पर्याय आहेत. त्यांना शीतयंत्राची गरज कमी भासते. ताज्या हवेतून मात्र त्यांचीही सुटका नाही. कोंडलेल्या खोलीत धिंगरीचे देठही लांबतात आणि टोप्या आखडतात.